दुसऱ्या बाजूचं पाणी

टॉवेलाच्या कडा मी दुमडते,
दिवसाला चारशे, हात लागला तर साडेचारशे.
अक्कलकोट रोडच्या आमच्या शेडमध्ये
पंखे वारा देत नाहीत, तंतू फिरवतात.
कोपऱ्यात लेबल लावायचं. त्यावर गावाचं नाव नाही,
एका जहाजाचं आहे, आणि खाली सोनेरी नांगर.
नांगर म्हणजे शेतातलाच, असं मला वाटायचं
गोवर्धन त्या जहाजावर कामाला लागेपर्यंत.

तो तिथं खुर्च्यांवर टॉवेल अंथरतो.
मी शिवते, लेक पसरतो,
मधे समुद्र आहे, एवढंच.

मागं त्यानं फोनवर एक बेट दाखवलं.
समुद्र त्याच्या काखेत शिरलाय.
त्याला हे लोक बे म्हणतात, आई.
मी म्हटलं, काय बे!
तीन जहाजं एकदम लागलेली,
पाण्यात डोकी, वाळूवर पाठी,
आणि पाठींखाली माझे टॉवेल.
अरे, हा तर गड्डा, म्हटलं. पाळणा तेवढा नाही.
तो हसला. मग हळूच म्हणाला,
बेटाच्या मागं अजून एक आहे, बारकं.
जहाज तिकडं नेत नाहीत, विकायला काही नाही ना.
सुट्टीला भाजीच्या बोटीतनं गेलतो.
काहीच नव्हतं, आई.
काहीच म्हणजे काय?
तो विचार करायला लागला
आणि चित्र अडकलं, तोंड अर्धं उघडं.

रविवारी हे म्हणाले, चल, तुला जहाजात बसवतो.
सिद्धेश्वराच्या तळ्यावर बदकाच्या तोंडाची होडी,
टोकन एकशे सतरा, चालू होतं बेचाळीस.
पुढं एका पोराची चप्पल पाण्यात पडली
तर सगळी रांग चप्पल बघायला वाकली.
मी विचारलं, ह्याच्या मागचं बारकं कुठाय?
ह्यांनी डोकं खाजवलं,
आणि गाडी तुळजापूर रोडला लावली.

हिप्परग्याला दस्तगीर जाळं विणत बसलेला.
त्याचं जहाज म्हणजे गुळाची जुनी काहील,
बुडाला डांबर.
बसा काकू, मधोमध. काका, तुम्ही हलायचं नाही,
तुम्ही नुसता श्वास घ्या.
आणि आम्ही निघालो, सरळ नव्हे,
काहील सरळ जातच नाही,
जरा पुढं, जरा गोल,
बाभळी आल्या, गेल्या, परत त्याच आल्या.

मधे गेल्यावर त्यानं वल्हं आडवं ठेवलं.
ह्यांनी कडक भाकरी मोडली,
तो आवाज केवढा मोठा झाला!
दोघंही दचकलो. मग चटणीच चाटत बसलो.
माझा अंगठा आपोआप कड शोधायला लागला,
बावीस वर्षांची खोड.
पाण्याला कुठं दुमड सापडेना.
बोटं थोडा वेळ घाबरली,
मग मांडीवर तशीच पडून राहिली,
दुसऱ्या कुणाची असावीत तशी.

फोन वाजला. गोवर्धन.
मी काही बोलले नाही, फोन बाहेर धरला,
पाण्यापासनं वीतभर.
हॅलो? आई? आवाज येत नाही!
येतोय की. नीट ऐक.
तो गप झाला. कितीतरी वेळ.
मागं त्याच्याकडं कुणीतरी शिट्टी वाजवत होतं,
कुणीतरी टॉवेल मागत होतं.
ठेवू नको, एवढंच म्हणाला.

दस्तगीरनं पैसे घ्यायला आढेवेढे घेतले,
मग घेतले. टॉवेल दिला एक, खोटातला,
त्यानं आधी नांगर बघितला, मग वास घेतला.

सोमवारी कलावतीनं विचारलं, कुठं गेलतीस गं?
कुठं नाही, म्हटलं.
खोटं बोलले असं वाटलं नाही.
त्या दिवशी पहिल्या गठ्ठ्यात
अकरा नांगर तिरपे बसले.
चेकरनं परत आणून टाकले पुढ्यात.
उसवले. आठ सरळ केले.
तीन तसेच गेले, कसे कोण जाणे.